सुतात

तुमचं पत्र मिळालं. दाव्याचा क्रमांक बरोबर आहे,
नाव चुकलंय: मी हेस्टर, हेलन नाही.
"वाहन दुरुस्तीयोग्य."
गाडीची किंमत अठरा हजार, खर्च बारा हजार सहाशे,
म्हणजे अजून धुगधुगी आहे
असं तुमच्या कोष्टकात दिसतं.

त्या दिवशी मी आत होते.
ह्युऑनव्हिलच्या वळणावर लाकडाचा ट्रक कलला
आणि निलगिरीचा एक ओंडका, सालसुद्धा न काढलेला,
मागच्या दारातून आत येऊन बसला
जिथे गुरुवारी माझी नात बसते.
तो बुधवार होता.
हे अर्जात कुठे लिहायचं ते कळलं नाही.
"इतर" या रकान्यात दोनच ओळी मावतात.

सात आठवड्यांनी गाडी परत आली.
दारात आपलं तोंड दिसावं असा रंग.
शेजारचा क्लाइव्ह म्हणाला, नवीच दिसते की.
दिसते.
पण सरळ रस्त्यावर खेकड्यासारखी चालते,
हात सैल सोडला की डावीकडे, नदीकडे.
मागचं दार लागतं, पण दुसऱ्यांदा आपटल्यावर.
पाऊस झाला की स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साठतं
आणि त्या पाण्याला निलगिरीचा वास येतो.
हा शेवटचा मुद्दा वगळलात तरी चालेल.

माझे वडील फ्रँकलिनला होड्या बांधायचे.
पट्टी नव्हती असं नाही,
पण भरवसा दोरीवर.
चार कोपरे, दोन कर्ण,
दोरी या टोकाकडून त्या टोकाला, मग आडवी.
सारखी भरली तर सुतात.
नाही भरली तर रंगाचा डबा उघडायचा नाही.
रंगाला माणसं फसतात, म्हणायचे, पाणी नाही.

म्हणून रविवारी
चासीच्या चार बोल्टांवरून त्यांचा पितळी ओळंबा सोडला,
खाली फरशीवर खडूने चार फुल्या केल्या,
गाडी बाहेर ढकलली. क्लाइव्हने एका हाताने,
दुसऱ्याने स्वतःची कंबर धरून.
एक कर्ण दुसऱ्याहून सात सूत जास्त.
तुमच्या भाषेत बावीस मिलिमीटर.
दोनदा मोजलं.
चहा घेऊन तिसऱ्यांदा.

फोनवर तुमच्या बाई अगदी गोड बोलल्या.
फरक मर्यादेत आहे म्हणाल्या.
मर्यादा किती, विचारलं,
तर ते तांत्रिक आहे.
सुतावरून स्वर्ग गाठू नका, अशा अर्थाचं काहीतरी.
बाई, स्वर्ग नकोय मला.
मला मागच्या सीटवर पाच वर्षांचं पोर बसवायचंय,
किंवा नाही बसवायचं,
आणि यातलं कुठलं, ते ठरत नाही.
चार गुरुवार झाले, मी तिला बसने आणते.
तिला बस आवडते.
हे हवं तर तुमच्या बाजूने लिहून ठेवा.

काल तुमचा माणूस येऊन गेला, लॅकलन पेटर्ड.
पंचविशीचा, बूट कोरे.
टॅब्लेटवर फोटो घेतले, बंपरवरून हात फिरवला,
म्हणाला, काम छान झालंय.
मी वाद घातला नाही.
दोरीचं टोक हातात दिलं,
त्या फुलीवर धर म्हटलं, घट्ट.
तो गुडघ्यावर बसला.
मी ताणली, माझ्या फुलीवर गाठ मारली.
मग दोघंही कोपरे बदलून बसलो.
गाठ फुलीपर्यंत आलीच नाही.

मी बोलले नाही काही.
टॅब्लेट फरशीवर पडला होता, पडदा काळा झालेला,
त्याच्या अंगठ्याला खडू.
तो दोरीकडे बघत राहिला, तिचीच चूक असल्यासारखा,
मग माझ्याकडे न बघता म्हणाला,
"पुन्हा एकदा धरू या.
आता तुम्ही इकडे या."